कस्ती बांधताना

अग्यारीत शिरण्यापूर्वी पारशी माणूस हात-तोंड धुतो, कमरेची 72 धाग्यांची लोकरी कस्ती सोडतो आणि उजेडाकडे तोंड करून प्राचीन भाषेतल्या प्रार्थना पुटपुटू लागतो. दुष्टशक्ती अहरिमनचे नाव आले की कस्तीला झटका बसतो. हात बिनचूक चालतात, शब्दही. त्या शब्दांचा अर्थ मात्र अनेकांना सांगता येत नाही. मग प्रार्थना गुजरातीत किंवा इंग्रजीत का म्हणू नये?

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. गाथा या धर्मातल्या सर्वांत जुन्या स्तोत्रांमध्ये प्रेषित जरथुष्ट्र प्रत्येक स्त्री-पुरुषाला सांगतो की कानांनी ऐका, मनाने पारखा आणि स्वतः निवड करा. न कळणाऱ्या शब्दांतून निवड कशी व्हायची?

पण दुसरे पारडेही जड आहे. अवेस्ता हा धर्मग्रंथ लिहून ठेवण्यासाठी स्वतंत्र लिपी तयार झाली ती ससानी काळात. त्याआधी गाथा हजार वर्षांहून अधिक काळ केवळ मुखोद्गत होत्या. पुढे अर्थ पुसट झाला, तरी धर्मगुरूंनी उच्चार सोडला नाही. म्हणूनच अवेस्तेतला हओम आणि वेदातला सोम, यस्न आणि यज्ञ, हप्त हिंदु आणि सप्तसिंधू यांचे नाते अभ्यासकांना लावता आले. 1860च्या दशकात पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग यांनी गाथा वेगळ्या काढून त्या खुद्द जरथुष्ट्राच्या असल्याचे मांडले. कळत नाही म्हणून कुणी ते शब्द टाकून दिले असते, तर हाउग यांच्यापुढे वाचायला काय उरले असते? शिवाय गाथांची दोन भाषांतरे शेजारी ठेवली, तर कित्येक ओळी एकाच मुळाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. मूळ काढून त्यातले एक भाषांतर बसवणे म्हणजे एका पंडिताचे मत मुलांच्या तोंडी घालणे.

म्हणून माझा कौल मूळ उच्चाराला आहे. पण ही अर्थ न शिकवण्याची सबब होऊ नये. पश्चात्तापाची प्रार्थना, पतेत, अवेस्तन भाषेत नाही. ती नंतरच्या काळातल्या पाझंद भाषेत आहे. अहरिमनला झटकणारा कस्तीचा भागही पाझंदच. पूर्वजांनी जुने शब्द न हलवता त्यांच्याशेजारी पुढच्या काळाची भाषा आणून बसवली. एकोणिसाव्या शतकात कावसजी एदलजी कांगांनी खोर्देह अवेस्ता या रोजच्या प्रार्थनांच्या पुस्तकाचा अर्थ गुजरातीत दिला, तोही मूळ पाठासोबत. आज मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ मुलांना गुजरातीही वाचता येत नाही. त्यांच्यासाठी अर्थाचे ते दार पुन्हा लागले आहे.

नवजोत या धर्मदीक्षेच्या विधीआधी मूल कित्येक दिवस पाठांतर करते. ‘अशेम वोहू’ या प्रार्थनेचे शब्द जेमतेम 12. त्यातले ‘अष’ म्हणजे सत्य आणि विश्वाची घडी, वेदातल्या ‘ऋता’चे सख्खे भावंड, एवढे सांगायला एक संध्याकाळ पुरते. आणि मुलाने विचारले की दोन पुस्तकांत दोन अर्थ का, तर दोन्ही पुस्तके त्याच्यासमोर उघडून बसावे.