टायरमधील हवा केव्हा मोजावी?

सुट्टी लागली की अनेक कुटुंबे मोटारीने दूरच्या प्रवासाला निघतात. गाडी धुतली जाते, फराळाचे डबे भरले जातात. टायरमधील हवा मात्र वाटेतल्या पंपावर पाहू, असे म्हणून राहून जाते. नेमकी ती वेळ दाब मोजण्यास अयोग्य असते.

योग्य दाबाचा आकडा बहुधा चालकाच्या दारालगतच्या खांबावरील तक्त्यात छापलेला असतो. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरावयाची नसते. तक्त्यातील आकडा थंड टायरचा, म्हणजे निदान तीन तास उभ्या असलेल्या गाडीचा असतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो. पहाटे 33 पीएसआय असलेला टायर महामार्गावर तासभर धावल्यावर 37 दाखवू शकतो. पंपावरील मुलगा तत्परतेने हवा सोडून काटा 33 वर आणतो, मालकही समाधानाने पुढे निघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच टायरात 29 च्या आसपासच दाब उरलेला असतो.

उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, हा सर्रास मिळणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. कमी हवेच्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्या वाकण्यातूनच उष्णता निर्माण होते आणि आतील थर सुटू लागतात. त्यात गाडी माणसांनी व सामानाने भरलेली, वेग मोठा. टायर फुटण्यास आणखी काय हवे? नायट्रोजन भरल्यानेही यातून सुटका नाही. तोही तापला की हवेइतकाच प्रसरण पावतो, आणि साध्या हवेत तो मुळातच सुमारे 78 टक्के असतो.

पंपावरील नळीचा काटा दिवसभर आदळून बिघडलेला असू शकतो. घरी स्वतःचा दाबमापक असणे बरे. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, तो व्हॉल्व्हवर सरळ दाबावा. हवा फुसफुसत असेल तर तो आकडा खरा नव्हे, पुन्हा मोजावे. गाडी पूर्ण भरणार असेल तर तक्त्यातील पूर्ण भाराचा रकाना पाहावा. मागील चाकांना बहुधा अधिक दाब लागतो. स्टेपनीही त्याच वेळी तपासावी. काही गाड्यांत ती आकाराने लहान असते आणि तिचा आकडा निराळा असतो.