माहूरगड पडू देणार नाही!



नवरात्रात माहूरला माणसांचा पूर लोटतो. पैनगंगेपलीकडून विदर्भातले येतात, किनवटच्या वाटेनं तेलंगणातले येतात. रेणुकामाईचं दर्शन, दत्तशिखर, अनसूयामाता, आणि परतीची एसटी. डोंगरावरची ती लांबच लांब तटबंदी सगळ्यांना दिसते. लेकरानं विचारलं तर बाप म्हणतो, "जुना किल्ला हाय." त्यापुढे त्याला सांगता येत नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नाही. शाळेनं नाही, सरकारनं नाही, पिढ्यान्‌पिढ्या मतं मागायला आलेल्यांनीही नाही.

तर ऐका. तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा, दोन डोंगरसोंडांवरून फिरलेला तट, आत इंजाळा तलाव, हत्ती दरवाजा, महाकाली बुरूज. हा माहूरचा रामगड. वऱ्हाड आणि तेलंगण यांच्या मधली वाट या गडाच्या नजरेखाली होती, म्हणून ज्याला दख्खनवर राज्य करायचं त्याला माहूर हवंच असे. गोंड राजांची आठवण इथल्या लोकपरंपरेत आजही आहे. पंधराव्या शतकात माहूरच्या जमीनदाराला नमवायला अहमदशहा बहमनीला स्वतः फौज घेऊन यावं लागलं. पुढे महमूद गावाननं बहमनी राज्याचे चाराचे आठ सुभे केले, तेव्हा वऱ्हाडाचे दोन भाग झाले, एक गाविलगड आणि दुसरा माहूर. म्हणजे आज जिथं साध्या माहितीच्या फलकाची मारामार आहे, तिथं एका सुभ्याचं ठाणं होतं! मग इमादशाही, निजामशाही, मोगल. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत पळालेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा बादशहा शहाजहान, 1623 च्या सुमारास इथंच आला आणि आपले हत्ती व जड सामान माहूरच्या उदाराम या सरदाराच्या भरवशावर ठेवून गोवळकोंड्याकडे गेला.

याच उदारामाच्या घराण्याची सून रायबागन. बाईनं घोड्यावर बसून फौज चालवली. फेब्रुवारी 1661 मध्ये मोगल सरदार कारतलबखानाबरोबर ती उंबरखिंडीत सापडली, पुढे-मागे शिवरायांचे मावळे. खानाला शहाणपणाची गोष्ट तिनंच सांगितली की आता शरण जा आणि माणसं वाचव. खंडणी घेऊन महाराजांनी त्यांना वाट दिली. ही बाई मोगलांकडून लढली, हे खरं. म्हणून काय तिला विसरायचं? खुद्द महाराजांनी जिला सन्मानानं जाऊ दिलं, तिचं नाव तिच्याच गावात घ्यायला आपण का कचरावं?

इथंच आमचं भांडण आहे. 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरीपासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि ती यादी मराठ्यांच्या लष्करी वारशाची असल्यानं तिच्याबद्दल तक्रारही नाही. तक्रार या वृत्तीबद्दल आहे, की ज्या गडाशी महाराजांचं नाव जोडता येत नाही तो गडच नव्हे. या मापानं मोजलं तर माहूर गेला, कंधार गेला, औसा गेला, उदगीरही गेला. कंधारला राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाचा वारसा आहे. रित्ती आणि शेळके या अभ्यासकांनी 1968 मध्ये नांदेड जिल्ह्यातले शिलालेख पुस्तकरूपानं छापले, पण आपल्या गावचा लेख वाचून दाखवणारा माणूस आज गावात मिळत नाही. उदगीर-औशाच्या टापूत 3 फेब्रुवारी 1760 ला पेशव्यांच्या सदाशिवरावभाऊंनी निजामाला गुडघ्यावर आणलं, 60 लाखांचा मुलूख लिहून घेतला. वर्षाच्या आत पानिपत झालं. पानिपतावर रडणाऱ्या महाराष्ट्राला उदगीर फक्त एका ओळीपुरतं आठवतं.

आणि माहूरच्या वाट्याला तर सरहद्दीचं दुर्दैव आलं. किनवटचा हा सारा पट्टा निजामी राजवटीत आदिलाबाद जिल्ह्यात होता, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नांदेडला जोडला गेला. हैदराबादला तो लांब होता, मुंबईला त्याहून लांब. दोन्हीकडच्या कागदांत तो शेवटच्या पानावर राहिला.

गड एका रात्रीत पडत नाही. दोन चिऱ्यांच्या सांध्यात पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचं बी रुजतं. पहिल्या वर्षी दोन पानं दिसतात. चुन्यात ओल असते, मुळी आत शिरते. दसऱ्याआधी कुणी कोयत्यानं फांद्या छाटतो, फोटो काढतो, निघून जातो, आणि छाटलेलं झाड दुप्पट जोमानं फुटतं. मूळ जाडावतं तशी फट वाढते, पावसाचं पाणी आत उतरतं, मधला भराव फुगतो, भिंतीला पोट येतं. मग एखाद्या श्रावणात रात्रभर पाऊस लागतो आणि सकाळी तटाची जागा मोकळी दिसते. पडलेला चिरा गुराच्या गोठ्यात जातो. त्यातच गुप्तधनाच्या नादानं पायाशी खड्डे खणणारे आहेतच. माणसानं देवाच्या दारात येऊन पाया उकरावा, हे पाप आहे, आणि तो गुन्हाही आहे.

डागडुजी म्हणून सिमेंट थापणं तर त्याहून वाईट. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि दगडच भुगा होऊन सुटतो. देवस्थानासाठी लिफ्ट आणि स्कायवॉक होऊ द्या, म्हाताऱ्या आयाबायांना त्याचा उपयोगच आहे. पण त्याच डोंगरावरच्या तटासाठी चुना भिजवायला आणि मुळं उपटायला पैसा नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

भूमी अभिलेखच्या माणसांनी गडाची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. तटावरची झाडं मुळासकट काढण्याचं काम दर पावसाळ्यानंतर, जाणत्या लोकांच्या देखरेखीखाली व्हावं. काम चुन्यातच व्हावं. देवीच्या डोंगराच्या पायथ्याला गडाचा मोठा फलक लागावा, मराठीत आणि तेलुगूत, त्यावर गोंड, बहमनी, उदाराम, रायबागन सगळे असावेत, कुणाचंही नाव खोडू नये. वाटाड्याचं काम इथल्या गोंड, आंध, कोलाम पोरांना शिकवून द्यावं. त्यांना गडाच्या वाटा पाठ आहेत आणि गावात दुसरा रोजगार नाही.

हे पत्रक वाचून ठेवून देऊ नका. शिक्षकांनो, पुढची सहल माहूर, कंधार किंवा उदगीरला काढा. नगरसेवकांनो, ठराव घ्या. जिल्हा नियोजन समितीवरच्या सदस्यांना भेटा आणि गडासाठी किती रक्कम धरली ते लेखी मागा. आकडा मिळाला की चौकात लावा. मिळाला नाही, तर तेही चौकात लावा.

— माहूर, किनवट, कंधार, उदगीर परिसरातील गडप्रेमी नागरिक