पदवीची हुंडी

घोडबंदर हे नाव अरबांशी चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडले, असे सांगतात. त्या बंदराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घोडबंदर रोडवरील वसाहतींतून आज माल नव्हे, तर मुलगे व मुली परदेशी जातात. कोणी इंग्लंडास, कोणी ऑस्ट्रेलियास. बरोबर नेतात ती एक पदवी. आमच्या व्यापारी वाचकांस हुंडीचा व्यवहार सांगावयास नको. हुंडीचे मोल कागदात नसते. परगावची पेढी ती सकारते की नाही, ह्यात असते. पदवीचेही तसेच आहे.

ह्या हुंड्या सकारण्याचे करार सरकारेच आपसांत करू लागली आहेत, हे आम्ही इष्ट मानतो. १९९९ साली बोलोन्या येथे युरोपातील २९ देशांनी आपल्या पदव्यांची रचना परस्परांस जुळती करण्याचा संकल्प केला. आपल्या सरकारनेही जुलै २०२२ मध्ये ब्रिटनशी व मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी पदव्यांच्या परस्परमान्यतेचे करार केले. ब्रिटनच्या एक वर्षाच्या एम. ए.स इकडे मान्यता मिळण्याची जुनी अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा ह्या पदव्या ब्रिटनच्या करारातून वगळल्या गेल्या. म्हणजे ज्या विद्येसाठी मध्यम स्थितीतील आईबाप कर्ज काढतात, तिचीच हुंडी सकारण्याची हमी अद्याप नाही.

शिवाय परक्या पेढीशी कितीही करार केले, तरी मूळ पेढीची पत नसेल तर त्यांचा उपयोग काय? २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले, आणि पुढील प्रवेशांची वाट पाहणारे विद्यार्थी टांगणीस लागले. हा दोष लंडनचा नव्हता, आमच्या घरचा होता. म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्या सहकार्याने घरची पत वाढते तेच खरे सहकार्य.

त्याचा दाखला पवईस आहे. तेथील तंत्रविद्येची संस्था १९५८ साली युनेस्को व सोव्हिएत संघ ह्यांच्या साहाय्याने निघाली. यंत्रे आली, तज्ज्ञ आले, आपले अध्यापक तिकडे जाऊन शिकून आले. पुढे १९९१ साली सोव्हिएत संघच लयास गेला. संस्था मात्र उभी आहे. कारण आलेली विद्या येथील अध्यापकांच्या हाती राहिली, आणि संस्थेची मालकीही आपली होती.

आता दुसरा मार्ग खुला झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली परदेशी विद्यापीठांस येथे शाखा काढण्याचे नियम केले. जून २०२५ मध्ये ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आदी पाच संस्थांस नवी मुंबईत येण्यासाठी इरादापत्रे देण्यात आली. त्यांनी यावे, विद्येस सोवळेओवळे नसते. पण फी ठरविण्याचा अधिकार त्यांचाच, आणि परकीय चलनाच्या कायद्यास धरून पैसा मायदेशी नेण्याची मुभाही त्यांस आहे. मग आम्ही विचारतो, ह्यात सहकार्य किती आणि दुकानदारी किती?

घोडबंदर रोडपासून जवळच, बाळकूम येथे, मुंबई विद्यापीठाचे उपपरिसर आहे. तेथील विद्यार्थ्यास खाडीपलीकडच्या नव्या प्रयोगशाळेत काम करता यावे, आमच्या तरुण अध्यापकांस त्या अध्यापकांबरोबर शिकवावयास मिळावे, आणि गरीब परंतु हुशार मुलांसाठी काही जागा बिनफीच्या असाव्यात, ह्या अटी सरकारने इरादापत्रांपाठोपाठ घालावयास पाहिजेत. त्यावाचून जमीन आमची, विद्यार्थी आमचे व फीही आमची, पण विद्येचे भांडवल परक्याचे, असा व्यवहार होईल. आमचा कोणताही सुज्ञ व्यापारी असा सौदा स्वतःच्या दुकानासाठी करणार नाही. मग मुलांच्या भवितव्यासाठी त्याने तो मुकाट्याने का पत्करावा?