तेरीज जुळलीच पाहिजे का?

माझे मामा मुंबईत असतात. दर गणपतीला ते बेळगावी येतात आणि दर वर्षी कोणीतरी त्यांना 'त्या' संध्याकाळबद्दल विचारतेच. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात बॉम्ब फुटले. सातही पहिल्या वर्गाच्या डब्यांत, घरी परतणाऱ्या गर्दीत. १८० हून अधिक माणसे मेली, आठशेवर जखमी झाली. मी तेव्हा पाळण्यात होतो. आई सांगते, रात्रभर ती फोन फिरवीत बसली होती आणि मुंबईची लाईन लागत नव्हती. शेजारच्या अज्जी पुन्हा पुन्हा दारात येऊन विचारत, "फोन हत्तितेनव्वा?" मामा मध्यरात्रीनंतर चालत चालत घरी पोचले होते. तो निरोप आम्हाला सकाळी मिळाला.

दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, मामा कामावर गेले. शेअर बाजारसुद्धा त्या दिवशी वधारला. मग 'मुंबईचे स्पिरिट' या नावाने जो गौरव सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. लहानपणी मलाही त्याचा अभिमान वाटे. गेल्या गणपतीत मी तसे बोलून दाखवले तेव्हा मामा हसले. म्हणाले, "स्पिरिट कसले रे? रजा शिल्लक नव्हती. आणि महिन्याचा पास काढून झाला होता!"

या उत्तराने मी विचारात पडलो. नाइलाजाला धैर्य म्हटले की आपली जबाबदारी संपते. रुळांलगतच्या झोपड्यांतून लोक चादरी घेऊन धावले, जखमींना त्यांनी उचलून नेले. ते खरे धैर्य. पण माणसांना चादरीतून न्यावे लागले, कारण स्ट्रेचर वेळेवर पोचले नव्हते. गौरव करताना ही दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. लंडनमध्ये ७ जुलै २००५ रोजी तीन भुयारी गाड्या आणि एक बस यांत स्फोट होऊन ५२ जण मेले. तिथेही लोक दुसऱ्या दिवशी कामाला गेले. पण २०१०-११ साली तिथे एका न्यायमूर्तींपुढे प्रत्येक मृत्यूची जाहीर चौकशी झाली. मदत कधी पोचली, कुठे अडली, हे विचारले गेले आणि सुधारणा सुचवल्या गेल्या. धैर्याचा खरा मान राखायचा तर तो असा.

आता खटल्याकडे पाहू. सप्टेंबर २०१५ मध्ये, मी मराठी शाळेत चौथीत असताना, विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. एक जण निर्दोष सुटला, पण तोवर त्याची तुरुंगात नऊ वर्षे गेली होती. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच मरण पावला. आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब, ओळख परेड, जप्त केलेला माल, काहीच न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाही. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

त्या आठवड्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये जोराचा वाद झाला. एक मित्र म्हणाला, "मग एवढी माणसे मारली कोणी? कोणालाच शिक्षा नाही?" त्याचा संताप मला पटतो. ज्याचा मुलगा त्या डब्यात गेला, त्या बापाने एकोणीस वर्षांनी काय ऐकायचे?

पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट सांगाविशी वाटते. तेरीज जुळली नाही की नवशिका कारकून काय करतो? फरकाची रक्कम कोणाच्या तरी खात्यावर टाकतो आणि 'जुळली' म्हणून मोकळा होतो. आमचे सर सांगतात, ही चूक नव्हे, हा गुन्हा आहे. फरक सापडेपर्यंत तो सस्पेन्स अकाउंटला ठेवावा आणि शोध चालू ठेवावा. उच्च न्यायालयानेही याच अर्थाचे म्हटले आहे: गुन्हा उलगडल्याचा खोटा आभास निर्माण केला, तर लोकांचा विश्वास ढळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. भलत्याच माणसाच्या शिक्षेने त्या बापाला न्याय मिळत नाही, मिळते ती फक्त समजूत.

दुसरे असे की, गुन्हेगार सापडण्याशी मदतीचा संबंध नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार गाडीतील दहशतवादी कृत्यात प्रवासी दगावला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावीच लागते. मृत्यूसाठी ती तेव्हा चार लाख होती, २०१७ पासून आठ लाख झाली. तत्त्व उत्तम आहे. पण रक्कम एकदाच मिळते, आणि तुटलेला हात, गेलेली नोकरी, रात्रीची दचक ही जन्मभर पुरते. २००२ साली आपल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन दहशतवादापासून मालमत्तेच्या विम्यासाठी सामाईक निधी उभारला. इमारतीचा धोका वाटून घेण्याची एवढी दूरदृष्टी आपल्याजवळ आहे, तर जखमी माणसाचा पुढचा वीस वर्षांचा खर्च वाटून घेता येणार नाही काय?

मित्रहो, माझे म्हणणे एवढेच आहे. मुंबईच्या माणसाला शाबासकी देणे आता पुरे. त्याला वेळेवर स्ट्रेचर द्या, जखमीला आयुष्यभराचा आधार द्या आणि तपास प्रामाणिक द्या, मग तो कितीही अपुरा का असेना. तेरीज जुळली नसेल, तर जुळली नाही असे लिहावे. निदान पान तरी स्वच्छ राहील.

मामा मात्र आजही सहा वाजून काही मिनिटांची तीच लोकल पकडतात. पास काढलेला आहे.

— बी.कॉम. भाग २