जनरेटर घेण्याआधी घरातली वीज मोजा

नवतप्याच्या तोंडावर अकोल्यातल्या एका दुकानात उभा होतो. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ जनरेटर बघत होते. दुकानदारानं विचारलं, "किती केव्हीएचा दाखवू?" ते म्हणाले, "लाइन गेली का लेकरं झोपत नाहीत भाऊ. घरचं समदं चाललं पायजे, असा मोठा द्या." पाच केव्हीएचा जनरेटर टेम्पोत चढला. पैसे मोजता मोजता त्यांनी घरात काय काय आहे ते सांगितलं: एक कूलर, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही आणि टाक्यातलं पाणी गच्चीवर चढवायची अर्ध्या एचपीची मोटर. एसी नाही. जनरेटर जिन्याखाली ठेवणार होते, बाहेरून चोरीला जाऊ नये म्हणून. मी तिथेच दोन शब्द बोलायला हवे होते. बोललो नाही, ते मनाला लागून राहिलं. म्हणून अमरावती-अकोल्याच्या सगळ्या घरांना हे सांगणं.

सांगायचं थोडक्यात असं: आधी गरज मोजा. बहुतेक घरांचं काम इन्व्हर्टरवर भागतं. जनरेटर लागणारच असेल तर मापाचा घ्या, घराबाहेर ठेवा आणि एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचनेच जोडा.

लाइन आता का जाते?

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. आज पारसला ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, नांदगाव पेठेला १,३५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तरी लाइन जाते. मे-जूनच्या वादळात फांदी तारांवर पडते, सगळ्या गल्लीचे कूलर एकदम चालले की डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, फ्यूज उडतो. यातला बहुतेक खोळंबा एक ते चार तासांचा असतो. तेव्हाच्या बारा तासांच्या धास्तीनं आजची खरेदी करू नका. आपल्या गल्लीत गेल्या वर्षी लाइन सर्वांत जास्त किती वेळ गेली होती, ते घरच्यांना विचारा आणि तोच आकडा धरून चला.

वही घ्या, पेन घ्या

प्रत्येक उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. त्या गृहस्थांच्या घराचाच हिशेब मांडू. पाच एलईडी दिवे ४५ वॅट, तीन पंखे २२५, कूलर पंपासकट २००, टीव्ही ८०, वायफायचा डबा १०. बेरीज ५६०. फ्रिज चालताना साधारण १५० वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या तीन-चारपट मागतो. मोटरचंही तसंच. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅटचं काम, त्यासाठी मोटर ओढते साडेपाचशेच्या आसपास आणि सुरू होताना दीड-दोन हजार. जनरेटर गुदमरतो तो या सुरुवातीच्या झटक्यालाच.

पण पाणी चढवताना पंखे, कूलर, फ्रिज दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवता येतात. एवढी शिस्त पाळली तर या घराला दोन किलोवॅट पुरे, म्हणजे अडीच केव्हीए. विकत घेतलेल्याच्या बरोबर निम्मा. मोठा जनरेटर कमी भारावर चालवला तरी पेट्रोल पीतच राहतो, आणि इंजिनात काजळी धरते ती वेगळीच.

इथे एक फरक लक्षात ठेवा. केव्हीए आणि किलोवॅट एक नव्हेत. केव्हीएला ०.८ ने गुणलं की साधारण किलोवॅट मिळतात. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा बहुधा क्षणभर पेलणाऱ्या भाराचा असतो. तासन्‌तास किती भार पेलेल, तो आकडा वेगळा असतो. दुकानात तोच विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

आधी इन्व्हर्टरचा विचार

१२ व्होल्टची १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हाती येतात हजार-अकराशे. एक कूलर, एक पंखा, दोन-तीन दिवे असा तीनशे वॅटचा भार ठेवलात तर साडेतीन तास निघतात. तेवढ्यात लाइन येतेच. दार उघडलं नाही तर फ्रिजही तीन-चार तास थंड राहतो. धूर नाही, आवाज नाही, रात्री दोनला उठून दोरी ओढणं नाही.

मात्र आपल्या उन्हाळ्यात बॅटरी मरते ती उष्णतेनं. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पारा पंचेचाळीसवर जातो तिथे बॅटरी पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला लावून ठेवू नका. सावलीत, हवेशीर जागी ठेवा. उन्हाळ्यात महिन्याला एकदा पाणी बघा, ते डिस्टिल्डच घाला. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी बॅटरीत घालणं म्हणजे बॅटरी हातानं मारणं.

गच्चीवर सोलर बसवलेल्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेतून अनेकांनी पॅनेल घेतले. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, घ्यावंच. पण बॅटरी नसलेलं नेहमीचं ऑन-ग्रिड सोलर लाइन गेली की आपोआप बंद होतं, भर दुपारीही. खांबावर काम करणाऱ्याच्या जिवासाठी ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. बॅकअप हवा असेल तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बसवणाऱ्याला हा प्रश्न आधीच विचारा.

जनरेटर कोणाला लागतो?

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर माणूस असेल त्याला. २०२१च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात आधी अमरावती-अकोल्यातच जाणवली, २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली. पुढच्या महिन्यांत कितीतरी घरांत ही यंत्रं आली. पाच लिटरचं यंत्र तीन-साडेतीनशे वॅट घेतं आणि थांबून चालत नाही. अशा घरी इन्व्हर्टरही हवा, जनरेटरही हवा, शिवाय भरलेला एक सिलिंडर. दुकानात डीप फ्रीझर असेल, वावरातल्या घरी लाइनचा भरवसा नसेल, तर त्यांनाही जनरेटर लागतो.

नाजूक यंत्रं, कॉम्प्युटर चालवायचे असतील तर इन्व्हर्टर जनरेटर घ्या. महाग असतो, पण वीज स्वच्छ देतो, आवाज कमी करतो आणि कमी भारावर इंजिनाचा वेग स्वतःच कमी करतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. शेजारच्या घरातही लेकरू झोपलेलं असतं, हे विसरू नका.

खर्चही मनाशी धरा. लहान जनरेटर एका लिटरमध्ये जेमतेम दोन युनिट वीज देतो. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे युनिटला पन्नास रुपयांहून अधिक पडतात. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं तर कार्बोरेटर चिकटतो आणि गरजेच्या रात्री मशीन उठत नाही. वापर नसेल तेव्हा टाकी रिकामी करा, महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं भारावर चालवा, ऑइल पुस्तिकेप्रमाणे बदला. पेट्रोल घालताना मशीन बंद आणि थंड असलंच पाहिजे.

धूर आणि वायर

आता जे सांगतो ते घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणसाला वाटतं ऊन लागलं, आणि तो आडवा होतो. झोपेतून उठत नाही. २०२० मध्ये अमेरिकेत लुइझियानावर लॉरा चक्रीवादळ आलं. वादळातून वाचलेली माणसं नंतर घरच्या जनरेटरच्या धुरानं गेली. जिन्याखाली, पडवीत, शटर अर्धं उघडं ठेवून गाळ्यात, खिडकीखाली जनरेटर चालवू नका. पंखा लावल्यानं, खिडकी उघडल्यानं धोका जात नाही. घरापासून किमान वीस फूट दूर, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, असा ठेवा. चोरीची भीती असेल तर साखळीनं खांबाला बांधा. कोणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट वायरची. दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर काही घरांत मी पाहिली आहे. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की सगळं घर उजळतं. मेन स्विच पाडायचा राहिला तर तीच वीज मीटरमधून उलटी डीपीत जाते. जी डीपी ११,००० व्होल्टचे २३० करून आपल्याला देते, तीच उलट्या दिशेनं २३० चे हजारो करते. त्या वेळी वायरमन भर पावसात खांबावर चढलेला असतो, लाइन बंद आहे या विश्वासानं. तो आपल्याच घरचा अंधार दूर करायला आलेला असतो. अशी वायर घरात असेल तर आज तिची पिन कापून टाका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर बसवून घ्या. माणसाच्या जिवापुढे तो खर्च काहीच नाही.

त्याच दिवशी अर्थिंगही तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरती उरते. खारपाणपट्ट्यात पाइपच गंजून जातो. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि निकामी अर्थिंग यांनी वऱ्हाडात फार जीव घेतलेत. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा, गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी बसवा आणि कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढा.

चिखलदऱ्याला नेताना

हल्ली मुलं मुक्कामाला जाताना जनरेटर भाड्यानं नेतात. त्यांना माझं सांगणं की नेऊ नका. चिखलदरा १,१०० मीटरहून उंच आहे. विरळ हवेत इंजिनाची ताकद दहा टक्क्यांहून अधिक घटते. दोन दिवे रात्री सहा तास लावले तर ६० वॅट-तास लागतात, चार मोबाइल भरायला आणखी ६०. पाचशे वॅट-तासांचं लिथियम पॉवर स्टेशन दोन रात्री पुरून उरतं आणि दुपारी घडीच्या पॅनेलवर पुन्हा भरतं. तंबूत किंवा गाडीत जनरेटर चालवणं तर मरण ओढवून घेणं आहे. शिवाय चिखलदऱ्याभोवतीचा मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. वनखात्यानं ठरवून दिलेल्या जागीच थांबा. मेळघाटातल्या सेमाडोहच्या रात्री जंगलाचं जे ऐकायला एवढ्या दूर जातो, ते इंजिनाच्या फटफटीत कोणाच्याच कानी पडत नाही.

येत्या रविवारी एवढं करा

संध्याकाळी सातला मेन स्विच स्वतः पाडा आणि तासभर तसंच राहा. या तासात घरात कोणाला काय लागलं, ते वहीत लिहा. आजीला पंखा लागेल, लेकराला दिवा लागेल, कोणाला औषधासाठी फ्रिज उघडावा लागेल. टीव्हीची आठवण कदाचित कोणाला होणारही नाही. आठ वाजता स्विच वर करा आणि लिहिलेल्याची बेरीज करा. दुकानात जाताना तो कागद सोबत न्या. "किती केव्हीएचा दाखवू?" असं दुकानदारानं विचारलं की आधी तो कागद काउंटरवर ठेवा.