चढ संपतो तिथे ती उभी असते

आधी एक गैरसमज दूर करू. कोकणचा सागरी महामार्ग म्हणजे एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला माड आणि मधून सपाट डांबरी रस्ता, असं चित्र तुमच्या डोक्यात असेल तर ते ब्रोशरमधून आलेलं आहे. सायकलवाल्यांचं कोकण वेगळं असतं, बॉस. प्रत्येक खाडीपाशी रस्ता पार समुद्राच्या पातळीला उतरतो. पलीकडे गेलं की जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो. आणि चढलो एकदाचे म्हणून पाणी प्यायला थांबावं, तर समोर पुढच्या खाडीचा उतार तयारच.

हे सगळं कळूनसुद्धा जानेवारीत आम्ही दोघी अलिबागहून गोव्याला सायकलवर निघालो. मी आणि सीएबाई. (नाव छापायचं नाही, अशी तिची अट आहे. ती खरंच सीए आहे आणि ट्रिपच्या एक्सेल शीटमध्ये केळ्यांसाठी वेगळा कॉलम होता.) कॉलेजपासूनची मैत्री, तीन वर्षं पुण्यात एका फ्लॅटमध्ये काढलेली. म्हणजे एकमेकींची सगळी सॉफ्टवेअर अपडेट्स आम्हाला पाठ.

आजचा किस्सा चौथ्या दिवसाचा. दापोली ते मालगुंड, शंभराच्या आसपास किलोमीटर आणि मध्ये दोन फेरीबोटी.

सकाळ तर एकदम फंडू होती. दापोली साधारण आठशे फुटांवर आहे, त्यामुळे दाभोळपर्यंत उतारच जास्त. कलमांना मोहोर आलेला, बोटं थंडीने बधिर, आणि पॅडलवर पाय नुसते ठेवायचे. दाभोळच्या जेटीवर पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चार दिवसांत सतरा वेळा ऐकलेला प्रश्न टाकला, "दोघीच काय गो?" दोघी म्हणजे दोन माणसं, हे गणित रस्त्यावर कुणालाच पटत नाही.

बोटीतून समोर पॉवर प्लान्ट दिसतो. आमच्या पिढीला एन्रॉन म्हणजे आईबाबांच्या पेपरातली भांडणं. 'दाभोळ प्रकल्प' या नावाने गाजलेलं हे प्रकरण प्रत्यक्षात खाडीच्या या बाजूला नाहीच, ते पलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे, हे मला त्या दिवशी बोटीत कळलं. एन्रॉनचं दिवाळं २००१ साली वाजलं. ज्या दाभोळचं नाव वापरलं ते मात्र शांतपणे मासळी विकत बसलंय. हे गाव एके काळी एवढं मोठं बंदर होतं की १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी खास येऊन ते जाळलं.

बोट धोपाव्याला लागली आणि चढ सुरू झाला. आमचा खरा प्रॉब्लेम पण तिथेच सुरू होतो.

सीएबाई चढावर माझ्यापेक्षा फास्ट आहे. बराच फरक आहे. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, पायी चालणाऱ्या माणसाशी गप्पा मारता येतील अशा वेगाने जाते. ती पंधरा-वीस मिनिटं आधी वर पोचते, सावली शोधते, पाणी पिते, चिक्की खाते, हॅण्डलवर रेलून माझी वाट बघते. मी लाल चेहऱ्याने, धापा टाकत वर आले की हसून म्हणते, "आलीस? निघूया?"

आता हिशेब बघा. तिची विश्रांती पंधरा मिनिटं, माझी शून्य. जी जास्त दमलीये तिला आराम नाही, आणि जी दमलेली नाही तिला प्रत्येक चढावर टी-ब्रेक. शिवाय वर कोणी तरी आपल्यासाठी खोळंबलंय हे डोक्यात ठेवून चढणं म्हणजे बॉस मागे उभा असताना टायपिंग करणं. त्यातून ती वरून ओरडते, "हळूहळू ये, काही घाई नाहीये!" जगातलं सर्वांत घाई करायला लावणारं वाक्य.

वेळणेश्वरला जेवताना मी हे सगळं बोलले. सोलकढीची दुसरी वाटी हातात होती, आवाज जरा चढला होता. ती गप्प. मग म्हणाली, "मला वाटायचं थांबले नाही तर तुला वाईट वाटेल. आणि खरं सांगू? मलाही दर वेळी थंड पडलेल्या पायांनी परत सुरुवात करायला त्रास होतो." थोड्या वेळाने, ताटाकडे बघत, "मग उद्यापासून वेगवेगळं जाऊ या का? गोव्यातच भेटू."

चिडून बोलली असती तर परवडलं असतं. ती शीटमधली एण्ट्री बदलावी तसं बोलली. दहा वर्षांची मैत्री आणि प्रश्न ताशी चार किलोमीटरचा. मी म्हटलं, दुपार तर होऊ दे.

मग तिथेच ठरलं. पुढे मी निघायचं, पंचवीस मिनिटांनी ती. भेटायचं हेदवीच्या दशभुज गणपतीच्या फाट्यावर. पुढचीने मागे वळून जायचं नाही. टूलकिट आणि पंप मागचीकडे, कारण पुढचीचं काही बिघडलं तर मागची येणारच आहे. उलट केलं तर मागची मेली.

दोनला मी निघाले. मिरर नाही, वर कुणी नाही. सड्यावर वाळलेलं पिवळं गवत आणि उजवीकडे खाली अचानक समुद्र. चढ तेवढाच होता, पण मी दोनदा थांबले, मला हवं तिथे. फाट्यावर पोचले तेव्हा ती अजून आलेली नव्हती. पहिल्यांदाच! मी सावली शोधली. पाणी प्यायले. चिक्की खाल्ली.

वीस मिनिटं झाली, तीस झाली. फोनला रेंज नाही. एक ट्रक त्या बाजूने आला तेव्हा मी उगाचच त्याच्या चाकांकडे बघितलं. टपरीवाले काका म्हणाले, "एकटीच?" मी म्हटलं, "नाही, दोघी." आणि रस्त्याचं वळण बघत राहिले. चिक्कीला चव लागत नव्हती. चार दिवस ही असं उभी राहत होती तर.

पन्नासाव्या मिनिटाला वळणावर तिचं पिवळं हेल्मेट दिसलं. हात कोपरापर्यंत काळे. बाभळीचा काटा, मागचं चाक, ट्यूब बदलली. "टूलकिट माझ्याकडे होतं म्हणून," एवढंच म्हणाली आणि रस्त्याकडेला बसली. मी "निघूया?" म्हटलं नाही. काकांना दोन चहा सांगितले. आम्ही चांगली वीस मिनिटं बसलो.

तवसाळहून दुसरी बोट. या खाड्यांवर पूल बांधायच्या योजना आहेत. ते झाले की हा प्रवास तासांनी कमी होईल, आणि सायकलवाल्यांना ही सक्तीची पाण्यावरची विश्रांती मिळणार नाही. त्या बोटीत आम्ही दोघी एकाच वेगाने जात होतो आणि काहीच बोललो नाही.

जयगडच्या धक्क्यावरून रस्ता लगेच वर चढतो. तिने चढाकडे बघितलं, मग चहाच्या टपरीकडे.

"तू हो पुढे. मी चहा घेऊन येते."

"आत्ताच तर घेतलास."

"अजून एक घेते," ती म्हणाली. "आणि उद्या सहाला तू, साडेसहाला मी. शीटमध्ये टाकते."