मुशीच्या मातीला कोण विचारतो?

प्राचीन भारतीय पोलादाचा विषय निघाला की दमास्कसच्या तलवारींचे गुणगान हमखास होते. टाळ्या पडतात, ऊर अभिमानाने भरून येतो आणि विषय तेथेच संपतो. ‘वूट्झ’ नावाने गाजलेल्या या पोलादाचे रहस्य शोधण्यासाठी इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने प्रयोग केले. परंतु ते पोलाद ज्या मुशीत सिद्ध झाले, तिच्या मातीची चौकशी किती जणांनी केली?

तेलंगणातील कोनासमुद्रम येथील मुशींच्या खापरांत भाताच्या तुसाचे जळके अवशेष आढळतात. तो अपघात नव्हे, शास्त्र आहे. तूस जळाले की मातीत सूक्ष्म पोकळ्या उरतात. मूस एकाएकी तापली वा निवली तरी सहजी तडकत नाही. तुसाच्या राखेत सुमारे 90 टक्के सिलिका असते. हवा कमी पडल्यास कोळशाचा सांगाडाही उरतो. दोन्ही प्रखर आचेला दाद देत नाहीत. हीच सच्छिद्र माती भट्टीच्या भिंतीला वापरली, तर पोकळ्यांत कोंडलेली हवा उष्णता बाहेर निसटू देत नाही.

‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात मुशीच्या मातीत जळके तूस, ताग, कोळसा, घोड्याची लीद मिसळून ती लोखंडी दांड्याने कुटण्याचा विधी आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 मध्ये हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास सिद्ध करून अशा ग्रंथांकडे जगाचे लक्ष वेधले. धर्मपाल यांनी 1971 मध्ये इंग्रजांच्याच वृत्तान्तांतून येथील लोहविद्येची साक्ष काढली. तरीही आमची अभियांत्रिकी महाविद्यालये ढिम्मच!

सारा दोष मेकॉलेच्या माथी मारून सुटका होणार नाही. गावचा कुंभार मातीत लीद, राख, तूस कालवतो, तेव्हा सुशिक्षित घरांतून नाके मुरडली जातात. लाकडाचा भुसा मिसळून भाजलेली उष्णतारोधक वीट कारखान्यातून आली की तेच ‘तंत्रज्ञान’ ठरते! हा मानसिक दास्याचा अवशेष नव्हे काय?

2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेने कारागिराच्या हाती अवजारे व कर्ज देण्याची सोय केली. त्याच्या हातातील विद्येची नोंद मात्र समाजानेच करावयाची आहे. कोणती माती, किती तूस, किती आच, हे प्रयोगशाळेत पारखून लिहून ठेवण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यातून चार तरुण तरी पुढे यावेत. वृद्ध कुंभाराबरोबर ही विद्या सरणावर गेली, तर तलवारींची व्याख्याने ऐकून ती परत येणार नाही.